फिलिपिनो स्थलांतरितांची कला आणि हक्कांची लढाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिपिनो म्हटलं की आपल्याला दुबईच्या हॉस्पिटलातली नर्स आठवते, सिंगापूरला भावाच्या घरी मुलं सांभाळणारी बाई आठवते, नाहीतर मर्चंट नेव्हीतला सहकारी. या लोकांनी परक्या देशांत संप केले, खटले लढवले, नाटकं बसवली आणि भिंती रंगवल्या, हे मात्र फारसं कानावर येत नाही. त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. भर अमेरिकेवर आहे. हाँगकाँगलाही बरीच जागा दिली आहे.

‘चळवळीतली कला’ म्हणजे इथे नेमकं काय धरायचं?

स्क्रीन-प्रिंटने रातोरात छापलेली पोस्टर्स, भित्तिचित्रं, पथनाट्यं, कवितावाचन, मोर्चात मिरवून शेवटी जाळायचे राज्यकर्त्यांचे कागदी पुतळे, कुलिंतांग या ओळीने मांडलेल्या पितळी घंटांचं वादन, छायाचित्रं. गॅलरीत टांगलेली चित्रंही आहेत, पण कमी.

या सगळ्याची शैली एक नाही. चित्रकार मेक्सिकन भित्तिचित्रांकडून शिकले, नाटकवाले मिळेल तिथून. माझ्या मते यांना बांधणारी गोष्ट म्हणजे जागा. भाड्याची खोली, चर्चचा हॉल, युनियनचं ऑफिस, रविवारी बंद ठेवलेला रस्ता: जिथे चार माणसं जमू शकली तिथेच ही कला झाली, आणि जागा गेली की कलेचेही हाल झाले. पुढची बहुतेक उत्तरं या मुद्द्याकडेच येतात.

फिलिपिनो अमेरिकेत कधी आले, आणि हक्कांचा प्रश्न आला कुठून?

१८९८ मध्ये स्पेनकडून फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात गेलं. त्यामुळे फिलिपिनो माणूस अमेरिकेच्या अंमलाखालचा ‘नॅशनल’ झाला, पण नागरिक झाला नाही. पारपत्राची अडचण नसल्याने ऊसमळ्यांच्या मालकांना तो सोयीचा वाटला. १९०६ मध्ये हवाईत पहिले १५ मजूर उतरले. पुढे कॅलिफोर्नियाची शेतं आणि अलास्कातले मासे डबाबंद करणारे कारखाने यांनाही हेच हात लागले.

आले ते बहुतेक एकटे तरुण. कॅलिफोर्नियात गोऱ्या स्त्रीशी लग्न करायला त्यांना कायद्याने बंदी होती. १९३३ मध्ये एका न्यायालयाने हा कायदा फिलिपिनोंना लागू होत नाही असं म्हटलं, तर विधिमंडळाने त्याच वर्षी दुरुस्ती करून ‘मलय वंश’ असे शब्द कायद्यात घातले. १९४८ पर्यंत ती बंदी टिकली. १९३० च्या जानेवारीत वॉटसनव्हिलला गोऱ्या जमावाने अनेक दिवस दंगल केली, त्यात फर्मिन टोबेरा हा तरुण मजूर गोळी लागून मेला. १९३४ च्या कायद्याने फिलिपिन्सला स्वातंत्र्याचं आश्वासन मिळालं आणि त्याबरोबर वर्षाला फक्त ५० जणांचा कोटाही. म्हणजे स्वातंत्र्य द्यायचं आणि दारही लावून घ्यायचं.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर नर्स, डॉक्टर, अभियंते आले. आज अमेरिकेत भेटणारे बरेच फिलिपिनो या दुसऱ्या लाटेतले किंवा त्यांची मुलं. पण चळवळीची गाणी आणि भित्तिचित्रं अजून त्या पहिल्या पिढीकडेच वळून बघतात. तिला सगळे ‘मनाँग’ म्हणतात, म्हणजे थोरले भाऊ.

द्राक्षांचा संप तर सेझर चावेझचा ना?

अर्धा. चावेझ हा मेक्सिकन-अमेरिकन शेतमजुरांचा पुढारी. पण कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांत ८ सप्टेंबर १९६५ ला काम थांबवलं ते फिलिपिनो मजुरांनी. त्यांची संघटना वेगळी होती आणि पुढारी होते लॅरी इट्लिऑंग, फिलिप व्हेरा क्रूझ, पीट व्हेलास्को ही मंडळी. मागणी होती तासाला १ डॉलर ४० सेंटची. आतापर्यंत मळेवाले फिलिपिनोंच्या संपात मेक्सिकनांना आणि मेक्सिकनांच्या संपात फिलिपिनोंना कामावर घ्यायचे. म्हणून इट्लिऑंग चावेझकडे गेला, आणि १६ सप्टेंबरला चावेझच्या संघटनेने संपात उतरायचा ठराव केला. पुढच्या वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या. १९७० मध्ये मळेवाल्यांनी करारांवर सह्या केल्या.

कलेचा भाग इथेच सुरू होतो. संपाच्या पहिल्याच वर्षी एल तेआत्रो काम्पेसिनो हे मजुरांचं नाट्यपथक उभं राहिलं. ट्रकचा सपाट हौदा हे रंगमंच, गळ्यात ‘मालक’, ‘संपफोड्या’ अशा पाट्या, पाचदहा मिनिटांचे प्रसंग. पथक मुख्यतः मेक्सिकन-अमेरिकन होतं, पण संपाच्या सभा आणि जेवणावळी ज्या हॉलमध्ये होत तो डेलानोचा फिलिपिनो हॉल होता. हॉल फिलिपिनोंचा आणि नाव मात्र दुसऱ्यांचं, ही तक्रार तुम्हाला आजही ऐकू येईल. ती खोटी नाही. इट्लिऑंगने १९७१ मध्ये संयुक्त संघटना सोडली आणि पुढची अनेक वर्षं शालेय पुस्तकांत तो जवळपास नव्हताच. कॅलिफोर्नियाने २५ ऑक्टोबर हा त्याच्या नावाचा दिवस ठरवला तो २०१५ मध्ये.

आय-हॉटेल काय प्रकरण आहे? सगळे त्याचं नाव का घेतात?

इंटरनॅशनल हॉटेल. सॅन फ्रान्सिस्कोत कर्नी स्ट्रीटवर, मनिलाटाउन या वस्तीत. नावाला हॉटेल, आत एकट्या म्हाताऱ्यांच्या खोल्या होत्या, महिन्याला ५० डॉलरच्या आसपास भाडं. शेतात आणि बोटींवर आयुष्य घालवलेले, लग्न न झालेले मनाँग तिथे राहायचे. आपल्या गिरणगावात गाळ्यात राहणारे एकटे कामगार आणि खालची खानावळ डोळ्यांपुढे आणा, चित्र बरंचसं जुळेल.

शेजारचा भाग बँका आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांनी भरत चालला होता. १९६८ मध्ये जागा रिकामी करायच्या पहिल्या नोटिसा आल्या. मार्च १९६९ मध्ये आग लागून तीन भाडेकरू मेले. भाडेकरूंनी लढून करार मिळवला, पुढे मालक बदलला, पुन्हा नोटिसा आल्या. नऊ वर्षं हे चाललं.

त्या नऊ वर्षांत तळमजल्यावरची रिकामी दुकानं भरत गेली. बर्कली आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेट या विद्यापीठांतली मुलं आली, सामुदायिक केंद्र आलं, पुस्तकांचं दुकान आलं. १९७२ मध्ये कर्नी स्ट्रीट वर्कशॉप सुरू झालं. तिथे चिनी, जपानी, फिलिपिनो मुलं एकत्र स्क्रीन-प्रिंट शिकायची, फोटो धुवायची, भिंती रंगवायची. सभेचं पोस्टर वरच्या मजल्यावरच्या माणसासाठी खालच्या मजल्यावर छापलं जायचं. कवी अल रोब्लेस या मनाँगांच्या खोल्यांत बसून त्यांच्या आठवणी ऐकायचा, त्यांची कागदपत्रं भरून द्यायचा, जेवण पोहोचवायचा. त्यातून त्याच्या कविता आल्या. कवी आणि समाजसेवक यांच्यात रेघ मारायला तिथे कुणाला वेळच नव्हता.

४ ऑगस्ट १९७७, पहाटे तीनच्या सुमारास पोलीस आले. इमारतीभोवती सुमारे तीन हजार माणसांची साखळी होती. घोडेस्वार पोलिसांनी ती फोडली. शेरिफ रिचर्ड हाँगिस्टोने आधी जागा रिकामी करायचा कोर्टाचा हुकूम बजावायला नकार देऊन पाच दिवस तुरुंग भोगला होता. त्या रात्री मात्र तो स्वतः घण घेऊन दारं फोडत होता, आणि तो फोटो जगभर गेला. म्हाताऱ्यांना हाताला धरून रस्त्यावर आणलं. पुढे इमारत पाडली आणि तिथे खड्डा राहिला, तो पुढची दोन दशकं आणि वर काही वर्षं.

मग हरले का? त्या पहाटे हो. पण खड्डा भरू दिला नाही. कचेऱ्यांची एकही योजना तिथे पुरी झाली नाही. २००५ मध्ये त्याच जागी ज्येष्ठांसाठी परवडणाऱ्या भाड्याची १०४ घरं उभी राहिली आणि तळाशी मनिलाटाउनचं केंद्र. मूळ भाडेकरूंपैकी बहुतेक तोवर गेले होते. हा विजय मानायचा की नाही यावर मी बरेच वाद ऐकले आहेत, आणि मला दोन्ही बाजू पटतात.

मार्कोस मनिलात, मग त्याच्याविरुद्ध नाटकं अमेरिकेत कशाला?

कारण मनिलात करणाऱ्यांना उचलून नेत होते. फिलिपिन्सचा राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोसने सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा लावला. वर्तमानपत्रं बंद झाली, विरोधक तुरुंगात गेले, छळ झाला. अनेक कार्यकर्ते अमेरिकेत निसटले. तिथे १९७३ मध्ये काटिपुनान नावाची संघटना उभी राहिली. तिला सगळे के.डी.पी. म्हणत. तिचं सांगणं दुहेरी होतं: तिकडे हुकूमशाही संपली पाहिजे, आणि इकडे फिलिपिनोंना होणारा भेदभावही.

के.डी.पी.चं कलापथक म्हणजे सिनिंग बायान. नट बहुतेक कार्यकर्तेच. मनाँगांचं आयुष्य, फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावरच्या मुस्लिमांच्या जमिनी, हवाईच्या मळ्यांतले संप, नर्सांवरचे खटले हे विषय. प्रयोग जिथे जागा मिळेल तिथे. प्रेक्षकांत असे बरेच असायचे जे मार्कोसविरोधी सभेला कधीच आले नसते. गावाकडच्या नातेवाइकांना त्रास होईल ही भीती खरी होती. नाटकाला जाणं मात्र बिनधोक वाटायचं. हा हिशेब पथकाला चांगला कळत होता.

नर्सांवरचा खटला कोणता?

मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात १९७५ च्या उन्हाळ्यात अनेक रुग्णांचा श्वास अचानक बंद पडला, काही दगावले. एफबीआयने फिलिपिना नार्सिसो आणि लिओनोरा पेरेझ या दोन स्थलांतरित नर्सांना पकडलं. प्रत्यक्ष पुरावा नव्हता, त्या ड्युटीवर होत्या एवढंच. जुलै १९७७ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं. देशभर बचाव समित्या निघाल्या, सह्या गोळा झाल्या, निधी जमला आणि सिनिंग बायानने या प्रकरणावर नाटक केलं.

नाटकामुळे त्या सुटल्या का? नाही. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांच्या वर्तनावर ठपका ठेवून निकाल रद्द केला, आणि १९७८ च्या फेब्रुवारीत सरकारने आरोप मागे घेतले. पण वकिलांची फी कुठून आली, आणि ‘आपल्या’ नर्सांची बाजू घ्यायला घाबरलेला समाज घराबाहेर कसा पडला, याचं उत्तर द्यायचं तर नाटकाला वगळता येत नाही.

सिएटलमध्ये दोन तरुणांचा खून झाला होता, त्याचा याच्याशी काय संबंध?

सिल्मे डोमिंगो आणि जीन व्हिएर्नेस. दोघे के.डी.पी.चे, दोघे अलास्का कारखान्यांच्या कामगार युनियनमध्ये निवडून आलेले. त्या कारखान्यांत फिलिपिनोंची राहण्याची आणि जेवणाची सोय वेगळी, हलकी होती. त्याविरुद्ध त्यांनी खटले भरले होते. युनियनमध्ये कामावर पाठवताना चालणारी लाचखोरी ते मोडत होते. आणि १९८१ मध्ये होनोलुलूला झालेल्या युनियनच्या अधिवेशनात त्यांनी मार्कोस राजवटीतल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायचा ठराव संमत करून घेतला. १ जूनला युनियनच्या ऑफिसात घुसून दोघांना गोळ्या घातल्या. डोमिंगोने जाण्याआधी हल्लेखोरांची नावं सांगितली.

कुटुंबं आणि मित्र आठ वर्षं मागे लागले. १९८९ मध्ये फेडरल ज्युरीने या खुनांबद्दल मार्कोस दांपत्याला जबाबदार धरून १.५ कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. परदेशी राज्यकर्त्याला अमेरिकन भूमीवरच्या राजकीय खुनासाठी असं जबाबदार धरणं फार विरळा.

दुसरा खटला हवाईतला. १९८६ च्या उठावानंतर मार्कोस होनोलुलूला पळून आला आणि त्यामुळे अमेरिकन कोर्टाच्या कक्षेत आला. छळ, खून, बेपत्ता करणं यांच्या ९,५३९ प्रकरणांसाठी १९९५ मध्ये जवळपास दोन अब्ज डॉलरचा निकाल लागला. वसुलीची कथा वेगळी आणि निराशेची आहे.

हाँगकाँगला रविवारी रस्त्यावर बसलेल्या बायका कोण?

घरकामगार. फिलिपिन्समधून आलेल्या सुमारे दोन लाख, त्यांच्याबरोबर इंडोनेशियाच्याही. नियमाप्रमाणे त्यांना मालकाच्या घरातच राहावं लागतं. नोकरी तुटली तर साधारण दोन आठवड्यांत शहर सोडायचं. सात वर्षं राहिलेला इतर परदेशी माणूस कायम रहिवासी व्हायचा अर्ज करू शकतो; घरकामगाराला तो हक्क नाही, असं २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केलं. आठवड्याची एक सुट्टी मिळते आणि जायला घर नाही. मग सेंट्रल भागात, बँकांच्या टोलेजंग इमारतींखाली पुठ्ठे अंथरून बसायचं. चेटर रोड रविवारी वाहनांना बंद असतो.

त्या पुठ्ठ्यांवर काय चालतं ते नीट बघा. कुणी पार्सलचा खोका भरतेय, कुणी नखं रंगवतेय. पलीकडे नाचाची तालीम. ती नुसती करमणूकही असते, आणि फेब्रुवारीत स्त्रियांवरच्या अत्याचाराविरुद्धच्या सामूहिक नाचाची तयारीही. सौंदर्यस्पर्धा होतात आणि रात्री ठरलेल्या वेळेला ‘राणी’ला मालकाच्या घरी हजर व्हावं लागतं. चित्रं काढणाऱ्यांचे गट आहेत, फोटो शिकणाऱ्यांचे आहेत.

यांतलं सर्वांत माहितीतलं नाव झायझा क्रूझ बाकानी. आईप्रमाणे तीही हाँगकाँगला घरकामाला गेली. मालकिणीकडून उसने पैसे घेऊन कॅमेरा घेतला, सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर फोटो काढले आणि मग छळ झालेल्या कामगार बायकांना आसरा देणाऱ्या बेथ्यून हाउसमध्ये. २०१५ मध्ये तिला मॅग्नम फाउंडेशनची मानवी हक्क फेलोशिप मिळाली. तिच्या फोटोंत या बायका दयेचा विषय होत नाहीत, आणि मला तेच मोठं वाटतं. ‘मोलकरीण झाली फोटोग्राफर’ या बातमीने मात्र फोटोंतला मुद्दा बऱ्याचदा झाकला.

राज्यकर्त्यांचे पुतळे जाळतात म्हणे?

हो, आणि ते फार मेहनतीने बनवतात. जुलैच्या चौथ्या सोमवारी फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष संसदेत भाषण करतात. त्या दिवशी मनिलात भलेमोठे, चाकांवरचे, फिरणाऱ्या डोक्यांचे पुतळे निघतात. परदेशातल्या संघटना त्याच सुमारास वकिलातीसमोर आपली ‘लोकांची’ सभा घेतात. पुतळा लहान असतो, कारण फुटपाथ लहान असतो.

कॉलेजातल्या ‘कल्चरल नाइट’ला चळवळ म्हणायचं का?

काहींना हो म्हणावं लागेल, पण सरसकट नाही. अमेरिकन विद्यापीठांतल्या फिलिपिनो मुलांचा हा वार्षिक कार्यक्रम: बांबूंमधला टिनिकलिंग नाच, मारिया क्लारा हा पारंपरिक पोशाख, मध्ये एक कौटुंबिक नाटिका. बे एरियाच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या कार्यक्रमाला बसलेल्या कुणालाही यातले गुणदोष सांगायला नकोत. आजीच्या गावाबद्दलचं प्रेम खरं असतं, पण ते गाव आजीने सोडलं तेव्हाचं. त्या गावात आज जमीन कुणी बळकावली हे नाटिकेत क्वचित येतं. तरी अनेक कार्यकर्त्यांचं पहिलं पाऊल याच रंगमंचावर पडलेलं असतं, म्हणून मी तोंड वाकडं करत नाही.

यात धोका आहे का?

आहे. लॉस एंजेलिसची कवयित्री मेलिसा रोक्सास तिथल्या ‘हाबी आर्ट्स’ या गटातली. मे २००९ मध्ये ती फिलिपिन्सच्या तारलाक प्रांतात आरोग्य पाहणीच्या कामाला गेली असताना हत्यारबंद माणसांनी तिला पळवलं, सहा दिवस डांबून छळ केला आणि ती बंडखोर असल्याची कबुली मागितली. सुटल्यावर तिने शपथपत्र केलं आणि प्रकरण फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. अमेरिकन नागरिक असणं तिला वाचवू शकलं नाही, एवढं अमेरिकेतल्या फिलिपिनो मुलांना कळलं.

सरकारी यंत्रणेने कुणालाही ‘कम्युनिस्ट’ ठरवून नाव जाहीर करायचं, याला तिथे रेड-टॅगिंग म्हणतात. परदेशातल्या संघटनाही त्यातून सुटत नाहीत. म्हणून मोर्चात मास्क घातलेले, टोपणनावाने लिहिणारे भेटतात.

सगळे फिलिपिनो या चळवळीच्या बाजूने असतात का?

मुळीच नाही. २०२२ मध्ये हुकूमशहाचाच मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि परदेशातल्या मतदारांनीही त्याला भरभरून मतं दिली. एकाच घरात आई मार्कोसवाली आणि मुलगी मोर्चात, हे सर्रास आहे.

नर्सांचा विषय आजही आहे का?

करोनाने तो पुन्हा समोर आणला. अमेरिकेतल्या नर्सांत फिलिपिनो सुमारे ४ टक्के. पण सप्टेंबर २०२० पर्यंत कोविडने दगावलेल्या २१३ नोंदणीकृत नर्सांपैकी ६७ फिलिपिनो होत्या, अशी नर्सांच्या राष्ट्रीय युनियनची नोंद आहे. त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या वुडसाइडमध्ये ‘माबुहाय’ हे भित्तिचित्र झालं, आणि मृतांची नावं जपणारं ‘कान्लुंगान’ हे ऑनलाइन स्मारक.

प्रत्यक्ष बघायचं तर कुठे जावं?

सॅन फ्रान्सिस्कोत साउथ ऑफ मार्केट भाग. तिथल्या गल्ल्यांना रिझाल, माबिनी, बोनिफासियो, लापू-लापू अशी फिलिपिनो वीरांची नावं आहेत. १९८४ मध्ये जोहाना पोएथिग आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठांच्या इमारतीवर काढलेलं अनेक मजली भित्तिचित्र अजून आहे. सिक्स्थ स्ट्रीटवर बिंडलस्टिफ स्टुडिओ हे छोटं थिएटर. त्यांची जुनी इमारत पाडली गेली, बरीच वर्षं इकडेतिकडे काढून ते परवडणाऱ्या घरांच्या इमारतीखाली परत आले. २०१६ मध्ये शहराने हा भाग ‘सोमा पिलिपिनास’ सांस्कृतिक जिल्हा जाहीर केला. त्याने भाडी खाली आली नाहीत.

लॉस एंजेलिसला हिस्टॉरिक फिलिपिनोटाउनमध्ये एलिसिओ आर्ट सिल्वाचं १९९५ चं भित्तिचित्र बघा. न्यू यॉर्कला जॅक्सन हाइट्सला जिलबी खायला जाल तेव्हा रूझवेल्ट ॲव्हेन्यूने चालत थोडं पुढे गेलात की लिटल मनिला लागेलच.

हाँगकाँगला त्या बायकांचे फोटो काढले तर चालतील?

आधी विचारा. बऱ्याच हसून होकार देतात. काहींना नको असतं, कारण त्या इथे बसतात हे मालकाला कळलेलं त्यांना नको असतं. तालीम चालू असेल तर मध्ये उभं राहू नका. त्यांच्याकडे वेळ संध्याकाळपर्यंतच असतो.